प्रस्तावना : ‘फेअर’ हे क्रियापद, त्याचे अर्थ आणि मूळ

‘फेअर’ हे इंग्रजीतले ‘जाणे, प्रवास करणे’ या अर्थाचे एक फार जुने क्रियापद. या अर्थाने ते आज जवळजवळ कोणी वापरत नाही. कोशकार त्यापुढे ‘जुनाट’ असा शेरा मारतात आणि तो रास्त आहे. लंडनहून यॉर्कला जाऊन आलेल्या माणसाने आपल्या प्रवासाचे वर्णन या क्रियापदाने केले, तर ऐकणाऱ्याला तो ऐतिहासिक नाटकातला संवाद वाटेल. तरीही हे क्रियापद मेले असे म्हणता येत नाही. बसचे भाडे, नदीवरची तर, निरोप समारंभ, सरकारचे कल्याण खाते, युद्धतंत्र, शहरातला वाहता रस्ता आणि जहाजावरचा खलाशी, या सगळ्यांना इंग्रजीत जे शब्द आहेत ते याच क्रियापदापासून झाले आहेत. यांपैकी निम्मे शब्द मराठी माणूस रोज ऐकतो आणि काही तर बोलतोही. ते एकाच घरातले आहेत याची जाणीव मात्र इंग्रजी बोलणाऱ्यालाही सहसा नसते.

देवनागरीत लिहिताना एक घोटाळा आधीच निस्तरलेला बरा. ‘फेअर’ असे लिहिले की इंग्रजीतले तीन वेगळे शब्द एकाच वेषात समोर येतात. ‘फेअर कॉपी’ किंवा ‘फेअर प्राइस’मधला ‘फेअर’ म्हणजे स्वच्छ, न्याय्य किंवा उजळ. तो अस्सल इंग्रजी शब्द असला तरी या क्रियापदाशी त्याचे नाते नाही. ‘बुक फेअर’मधला ‘फेअर’ म्हणजे जत्रा. तो लॅटिनमधल्या सणाच्या दिवसाला असलेल्या ‘फेरिआ’ या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. ‘टॅक्सी फेअर’ आणि ‘फेअरवेल’मधला तिसरा ‘फेअर’ हा येथील विषय. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग पहिल्या दोघांपेक्षा वेगळे आहे, उच्चार मात्र तिघांचा एकच.

नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकण्यापूर्वी तिथे जी भाषा बोलली जात होती तिला जुनी इंग्रजी म्हणतात. तिच्यात या क्रियापदाचे रूप साधारण ‘फारान’ असे होते. भूतकाळी त्याचे ‘फोर’ होई, अनेकवचनी ‘फोरोन’ आणि धातुसाधित ‘फारेन’. आतला स्वर बदलून काळ दाखवणाऱ्या अशा क्रियापदांना जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने ‘बलवान’ असे नाव दिले आणि व्याकरणात ते रुळले. आजच्या इंग्रजीत ‘ड्राइव्ह’चे ‘ड्रोव्ह’ होते ते त्याच पद्धतीने.

‘फारान’चा अर्थ ऐसपैस होता. चालत जाणे, घोड्यावरून जाणे, जहाजाने जाणे, सैन्याने कूच करणे, हे सारे त्यात बसे. कसे गेले हे सांगण्याची गरज नसेल तेव्हा ‘फारान’, आणि ते सांगायचे असेल तेव्हा निराळे क्रियापद. हा भेद पाहण्यासाठी ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’मधल्या लागोपाठच्या चार नोंदी पुरेशा आहेत. हा वर्षवार बखरींचा संग्रह नवव्या शतकाच्या उत्तरार्धात, आल्फ्रेड राजाच्या काळात आकाराला आला. डेन्मार्ककडून आलेल्या मोठ्या सैन्याच्या हालचाली त्यात वर्षागणिक टिपल्या आहेत. ८६७ साली सैन्य ईस्ट अँग्लियाहून हंबर नदीचे मुख ओलांडून यॉर्कला गेले, ८६८ साली मर्सियात नॉटिंगहॅमला गेले, ८६९ साली पुन्हा यॉर्कला गेले. तिन्ही ठिकाणी ‘गेले’साठी ‘फोर’ हेच रूप आहे. ८७० साली तेच सैन्य मर्सिया ओलांडून पुन्हा ईस्ट अँग्लियात उतरले, पण तिथे बखरकार ‘घोड्यावरून गेले’ या अर्थाचे क्रियापद वापरतो. बखरीची शैली कोरडी आणि ठराविक आहे, त्यामुळे हा बदल चटकन नजरेत भरतो.

सैन्याशी असलेले हे नाते पुढे आणखी घट्ट झाले. याच धातूपासून ‘फिर्ड’ हे नाम बनले. मुळात त्याचा अर्थ ‘प्रस्थान, मोहीम’ असा होता. मोहिमेवर निघणारे ते सैन्य, या न्यायाने राजाच्या हाकेवर गावोगावच्या लोकांची जी फौज उभी राही तिलाच ‘फिर्ड’ म्हणू लागले. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरल्ड राजाच्या बाजूने लढली ती बरीचशी अशी फौज होती. त्या पराभवानंतर इंग्लंडचा दरबार फ्रेंच बोलू लागला आणि ‘फारान’च्या वाट्याला जे आले त्याची सुरुवात तिथे झाली.

प्रवासाचा शब्द मृत्यूसाठी वापरणे बहुतेक भाषांना जवळचे वाटते. मराठीत माणूस देवाघरी जातो किंवा निवर्ततो, म्हणजे शब्दशः परत फिरतो. जुन्या इंग्रजीत तो ‘पुढे जातो’. ‘फारान’चे भावंड असलेल्या ‘फेरान’ या क्रियापदाला ‘पुढे’ अशा अर्थाचा उपसर्ग लावून राजे आणि बिशप यांच्या मृत्यूच्या नोंदी क्रॉनिकलमध्ये केलेल्या आहेत. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याच्या आरंभी डेन लोकांचा मूळ राजा शिल्ड मरतो, तिथेही हेच ‘फेरान’ आहे: तो प्रभूच्या आश्रयाला जातो. कवीने हा प्रवास शब्दांपुरता ठेवलेला नाही. राजाचा देह शस्त्रे आणि खजिना भरलेल्या जहाजात डोलकाठीजवळ ठेवून ते जहाज समुद्रात सोडून दिले जाते. ते कुणाच्या हाती लागले हे कोणालाच सांगता येत नाही, असे म्हणून कवी तो प्रसंग संपवतो.

‘फारान’ ही काही इंग्रजीची एकटीची मिळकत नव्हे. गॉथिकमध्ये ‘फारान’, प्राचीन नॉर्समध्ये ‘फारा’, डचमध्ये ‘फारेन’, जर्मनमध्येही ‘फारेन’ (स्पेलिंग निराळे), अशी सगळ्या जर्मानिक भाषांत ही क्रियापदे आढळतात. आइसलँडमध्ये आजही साधे ‘जाणे’ म्हणजे ‘फारा’. डचांनी समुद्राशी असलेल्या जन्मजात नात्याला जागून हा शब्द मुख्यतः जलप्रवासासाठी राखून ठेवला.

खरा थाट जर्मनमध्ये आहे. वाहनाने जाणे म्हणजे ‘फारेन’, प्रवास म्हणजे ‘फार्ट’, सायकल म्हणजे ‘फाररॅड’ (जाण्याचे चाक), तिकीट म्हणजे ‘फारकार्टे’. महामार्गावरून बाहेर पडण्याच्या प्रत्येक फाट्यावर ‘आउसफार्ट’ अशी पाटी असते आणि नवख्या इंग्रजी प्रवाशांना ती वाचून हसू आवरत नाही. एवढ्यावर हे थांबत नाही. सोबत जाणारा तो ‘गेफेर्टे’, म्हणजे सोबती. आपल्या आधी जे गेले ते ‘फोरफारेन’, म्हणजे पूर्वज. निघायला सज्ज असलेला तो ‘फेर्टिश’, म्हणजे तयार. आज त्याचा अर्थ ‘झाले, संपले’ असाही होतो. ‘एरफारुंग’ म्हणजे अनुभव: फिरून, ओलांडून जे कळले ते. आणि ‘फारेन’चे प्रयोजक रूप ‘फ्यूरेन’, म्हणजे जायला लावणे, नेणे, नेतृत्व करणे. ‘फ्यूरर’ हा शब्द त्यापासून बनला. विसाव्या शतकात त्याला जो कलंक लागला त्यात बिचाऱ्या धातूचा दोष नाही. आल्प्समध्ये डोंगर दाखवणाऱ्या वाटाड्यालाही जर्मनमध्ये हाच शब्द लावतात.

या जर्मानिक शब्दांच्याही मागे जायचे तर एक ध्वनिनियम लक्षात घ्यावा लागतो. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीसमोर २ फेब्रुवारी १७८६ रोजी दिलेल्या व्याख्यानात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच लुप्त भाषेपासून निघाल्या असाव्यात असे मत मांडले. गॉथिकही त्याच कुळातली असावी, असे त्याने सुचवले. हे नाते नियमात बसवण्याचे काम पुढच्या पिढीने केले. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये दाखवून दिले की, संस्कृत, ग्रीक, लॅटिनमध्ये जिथे शब्दारंभी ‘प’ असतो तिथे जर्मानिक भाषांत ‘फ’ असतो. पितृ आणि फादर, पद आणि फुट, पूर्ण आणि फुल, पंच आणि जर्मन ‘फ्युन्फ’. ‘पशु’ आणि इंग्रजी ‘फी’ यांचेही तसेच आहे. गुरेढोरे हेच जेव्हा धन होते त्या काळाची ती खूण.

या हिशेबाने ‘फारान’मधला ‘फ’ मागे नेला की ‘प’ मिळतो, आणि भाषाशास्त्रज्ञांनी पुनर्रचना करून ठरवलेला ‘पेर’ हा मूळ धातू हाती लागतो. त्याचा अर्थ: ओलांडणे, पलीकडे जाणे किंवा नेणे. संस्कृतात तो ‘पृ’ या रूपात आहे. ‘पिपर्ति’ म्हणजे पार नेतो, संकटातून सोडवतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले नव्व्याण्णवावे सूक्त फक्त एका ऋचेचे आहे. नावेने नदी ओलांडावी तसे अग्नीने आम्हांला सगळ्या अडचणींच्या पार न्यावे, अशी तिच्यात प्रार्थना आहे. दुर्गासूक्ताची सुरुवात याच ऋचेने होत असल्यामुळे ती महाराष्ट्रात घरोघरी म्हटली जाते. तिच्यातले ‘पर्षत्’ हे रूप याच धातूचे. मराठीतले ‘पार’, ‘अपार’, ‘पारंगत’, ‘पारायण’ हे शब्दही त्याच वंशातले, आणि एखादे कार्य ‘पार पडते’ तेव्हाही तोच शब्द कामाला येतो. इंग्रजी ‘फेअर’ आणि मराठी ‘पार’ हे अशा रीतीने एकमेकांचे लांबचे पण नक्की नातलग ठरतात.

‘पेर’ धातूचा पसारा एका लेखात मावणारा नाही. पण त्याची एक शाखा टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही, कारण ‘ओलांडणे’ हा मूळ अर्थ तिच्यात सर्वांत स्वच्छ टिकला आहे. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या जागेला मराठीत ‘उतार’ म्हणतात. इंग्रजीत ती ‘फोर्ड’, जर्मनमध्ये ‘फुर्ट’. ऑक्सफर्ड म्हणजे बैलांचा उतार, फ्रँकफुर्ट म्हणजे फ्रँक लोकांचा उतार. ग्रीकमध्ये याच धातूपासून ‘पोरोस’ झाला, अर्थ वाट किंवा उतार. आशिया आणि युरोप यांच्यामधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीला ग्रीकांनी ‘बोस्पोरस’ म्हटले, म्हणजे गाईबैलांचा उतार. इओ नावाच्या तरुणीने कालवडीच्या रूपात ती ओलांडली, अशी कथा त्यामागे आहे. विद्यापीठाचे ते इंग्लिश गाव आणि इस्तंबूलची ती सामुद्रधुनी यांची नावे अर्थाने सारखीच आहेत आणि दोन्हींच्या उत्तरार्धात धातूही तोच आहे. लॅटिनने त्यापासून ‘पोर्टा’ (दरवाजा), ‘पोर्टुस’ (बंदर) आणि ‘पोर्तारे’ (वाहून नेणे) असे शब्द घडवले. पोर्टर, पासपोर्ट, ट्रान्सपोर्ट, इम्पोर्ट हे सगळे तिथले.

इराणी शाखेत हाच शब्द अवेस्तातल्या ‘पेरेतु’ या रूपात दिसतो. अर्थ उतार आणि पूल असा दोन्ही. झिजत झिजत त्याचे फारसीत ‘पुल’ झाले आणि फारसीतून ते मराठीत ‘पूल’ म्हणून आले. पारशी धर्मकल्पनेत मेलेल्याच्या आत्म्याला जो ‘चिन्वत पूल’ ओलांडावा लागतो, त्यातला ‘पूल’ही तोच. मुंबईत पुलावरून बस गेली आणि कंडक्टरने ‘फेअर’ मागितले, तर एकाच धातूची दोन लेकरे तिथे भेटतात. मात्र एक इराणमधून खुष्कीने आलेले आणि दुसरे इंग्रजांच्या जहाजातून.

आता पुन्हा इंग्रजीकडे. ‘फारान’चे प्रयोजक रूप जुन्या इंग्रजीत ‘फेरिअन’ असे होते: जायला लावणे, म्हणजेच वाहून नेणे, विशेषतः होडीतून. मराठीत ‘तरणे’चे ‘तारणे’ आणि ‘पडणे’चे ‘पाडणे’ होते तशीच ही आतला स्वर बदलून प्रयोजक करण्याची रीत आहे, आणि ती दोन्हीकडे मूळ भाषेपासूनच आलेली आहे. इंग्रजीत ती आज मोडकळीला आली असली तरी ‘सिट’–‘सेट’, ‘फॉल’–‘फेल’ (झाड पाडणे) अशा जोड्यांत दिसते. ‘फेरिअन’पासून आजचे ‘फेरी’ झाले. नाम म्हणून त्याला व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतल्या जुळ्या शब्दाचाही आधार मिळाला.

मराठी वाचकाला इथे हमखास चकवा बसतो. मराठीत ‘फेरी’ आधीपासून आहे: प्रभातफेरी, फेरीवाला, एस. टी.ची फेरी. हा शब्द ‘फिरणे’च्या कुटुंबातला आहे, इंग्रजी ‘फेरी’शी त्याचा काही संबंध नाही. गोव्यात दिवाडी किंवा चोडण बेटावर जायला जी ‘फेरीबोट’ लागते तिच्यात मात्र इंग्रजी शब्द आहे. ती दिवसभर दोन काठांमध्ये फेऱ्या मारते, त्यामुळे मराठी कानाला ते नाव आपसूक पटते. मुळात ती फेऱ्या मारते म्हणून फेरीबोट नव्हे, पार नेते म्हणून फेरीबोट. कोकणात आणि देशावर यासाठी जुना शब्द ‘तर’ असा होता, आणि तोही तरून जाण्यावरून आलेला.

प्रवासाच्या क्रियापदाला ‘असणे, निभावणे’ हा अर्थ कसा चिकटला हे कळायला मराठी माणसाला फार सायास पडू नयेत. ‘कसं काय चाललंय?’ या प्रश्नाला कोणी ‘पायी’ असे उत्तर देत नाही. चालण्याचा जो ढंग तोच स्थितीचा ढंग, ही समजूत जुन्या इंग्रजीतही होती. ‘वेल फारान’ म्हणजे बरे चालणे, क्षेमकुशल असणे. मध्ययुगीन इंग्रजीत हा अर्थ फोफावला, आणि परीक्षेत कोणी कसे ‘फेअर’ केले, निवडणुकीत अमुक पक्षाने कसे ‘फेअर’ केले, असे जे आज इंग्रजीत लिहितात तो या अर्थाचा शेवटचा अवशेष आहे. त्यात पाऊल कुठेच उचललेले नसते.

‘फेअरवेल’ आणि ‘वेल्फेअर’ ही एकाच जोडशब्दाची उलटसुलट रूपे आहेत आणि दोघांच्या नशिबात फार फरक पडला. ‘फेअरवेल’ हा आधी आज्ञार्थी वाक्यांश होता: ‘नीट जा, सुखरूप राहा.’ मध्ये सर्वनाम घालूनही तो म्हटला जाई. जाणारा निघाला की मागे राहणारे त्याला हे म्हणत, म्हणजे ते आजच्यासारखे दोन्ही बाजूंनी म्हणायचे वचन नव्हते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा एक शब्द झाला, मग नाम झाले, मग विशेषण. जॉर्ज वॉशिंग्टनचे प्रसिद्ध ‘फेअरवेल’ भाषण १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात छापून आले. ते भाषण त्याने प्रत्यक्षात कधी केलेच नाही. ‘गुडबाय’ हा शब्द मागून आला आणि त्याने रोजच्या बोलण्यातून ‘फेअरवेल’ला हुसकावले. महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांत मात्र दहावी-बारावीच्या मुलांच्या निरोप समारंभाला ‘फेअरवेल’ म्हणायची पद्धत चांगलीच रुळली आहे, इतकी की तो शब्द तिथे निरोपापेक्षा समारंभाचा झाला आहे.

‘वेल्फेअर’ला राज्यशास्त्रात जागा मिळाली. आधी त्याचा अर्थ एका माणसाचे क्षेम एवढाच होता. प्राचीन नॉर्समधल्या ‘व्हेलफेर्ड’चा आणि या शब्दाचा घाट एकच, जर्मनमध्येही ‘व्होलफार्ट’ आहे. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत सार्वजनिक ‘वेल्फेअर’चा उल्लेख आला तेव्हा तो शब्द व्यक्तीकडून समाजाकडे वळला होता. ‘वेल्फेअर स्टेट’ ही संज्ञा इंग्रजीत रूढ करण्याचे श्रेय सहसा विल्यम टेंपल या धर्मगुरूच्या १९४१ च्या पुस्तकाला देतात. पुढच्याच वर्षी सामाजिक सुरक्षेविषयीचा बेव्हरिज अहवाल आला आणि युद्धानंतर ब्रिटनने त्या दिशेने पावले टाकली. भारताच्या राज्यघटनेच्या अडतिसाव्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात लोकांच्या ‘वेल्फेअर’ची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याच्या इंग्रजी नावातही हाच शब्द आहे. मराठीने त्यासाठी ‘कल्याण’ निवडले. त्यात मांगल्य आहे, वाट नाही.

नाम म्हणून ‘फेअर’ने याहूनही जास्त वळणे घेतली. जुन्या इंग्रजीत ‘फॅर’ आणि ‘फारू’ अशी दोन नामे होती, दोन्ही प्रवासाची. ‘फारू’चा अर्थ प्रवासी मंडळी, तांडा असाही होई. पुढे ती एकमेकांत मिसळली. प्रवासाचा अर्थ हळूहळू प्रवासाच्या खर्चावर सरकला आणि पंधराव्या शतकात ‘फेअर’ म्हणजे भाडे हे ठरून गेले. सोळाव्या शतकात तो शब्द भाडे देणाऱ्या माणसाला लागला. लंडनचा टॅक्सीवाला आजही गिऱ्हाइकाला ‘फेअर’ म्हणतो, आणि मुंबई-पुण्याचा रिक्षावाला ‘भाडं घेऊन चाललोय’ असे म्हणतो तेव्हा तो नेमके हेच करत असतो. माणूस आणि त्याचे पैसे यांत धंद्याच्या दृष्टीने फरक नसतो, हे दोन भाषांनी एकमेकींना न विचारता ओळखले.

‘फेअर’चा तिसरा अर्थ अन्न. हा भाड्यापेक्षाही जुना, साधारण १२०० च्या सुमाराचा. माणसाचे कसे चालले आहे हे त्याच्या पानात काय पडते यावरून कळते, हा त्यामागचा तर्क असावा. पूर्वी इंग्लंडच्या खाणावळींत पदार्थांच्या यादीला ‘बिल ऑफ फेअर’ म्हणत. पुढे फ्रेंच ‘मेन्यू’ने ते मागे सारले. लॅटिनने मात्र हीच वाट उलट दिशेने कापली. तिथे ‘विआतिकुम’ म्हणजे वाटेतली शिदोरी. हा शब्द फ्रेंचमध्ये झिजून ‘व्हॉयाज’ झाला आणि इंग्रजीत ‘व्हॉयेज’, म्हणजे समुद्रप्रवास, म्हणून आला. एका भाषेत प्रवासाचे अन्न झाले आणि दुसरीत अन्नाचा प्रवास झाला.

उरलेल्या सामासिक शब्दांविषयी थोडक्यात. ‘वॉरफेअर’ म्हणजे मुळात युद्धावर जाणे. जुन्या ‘फिर्ड’ची आठवण त्यात नकळत राहिली आहे. ‘थरोफेअर’ म्हणजे आरपार जाणारी वाट. चौदाव्या शतकाच्या शेवटी कवी चॉसरने ‘नाइट्स टेल’मध्ये एका वृद्धाच्या तोंडी हा शब्द घातला आहे. जग म्हणजे दुःखाने भरलेला असा रस्ता आणि माणसे त्यावरून ये-जा करणारे यात्रेकरू, असे तो म्हणतो. ‘वेफेअरर’ म्हणजे वाटसरू. ‘फील्डफेअर’ हा स्कँडिनेव्हियातून हिवाळ्यात ब्रिटनला येणारा एक पक्षी. ‘शेतांतून फिरणारा’ ही त्याच्या नावाची व्युत्पत्ती आकर्षक आहे, पण जुनी रूपे पाहता अभ्यासकांना तिची खात्री देता येत नाही.

इतका पसारा असलेले क्रियापद स्वतः का मागे पडले? नेहमीचे उत्तर म्हणजे फ्रेंच. ते खरे असले तरी पुरे नाही. १०६६ नंतरच्या तीन शतकांत प्रवासाचे नवे शब्द इंग्रजीत शिरले. ‘जर्नी’ हा फ्रेंचमधल्या दिवसाच्या शब्दापासून आला. एका दिवसाची मजल म्हणजे जर्नी. ‘ट्रॅव्हल’ हा फ्रेंच ‘त्राव्हाय’ (कष्ट) या शब्दाचे दुसरे रूप आहे. त्याच्या मुळाशी ‘त्रिपालिउम’ हे तीन खांबांचे यातनायंत्र होते असे मानतात. यावरून प्रवास म्हणजे छळ असा निष्कर्ष काढणे लेखकांना फार आवडते. पण चौदाव्या शतकातला इंग्रज हा शब्द उच्चारताना त्याच्या डोळ्यांसमोर यंत्र नव्हे, फक्त कष्ट होते, आणि त्या काळच्या रस्त्यांवर ते भरपूर होते.

दुसरे कारण घरातलेच. जर्मनमध्ये ‘फारेन’ वाहनाने जाण्यापुरते आणि ‘गेहेन’ पायी जाण्यापुरते, अशी वाटणी झाली आणि दोन्ही टिकली. इंग्रजीत तशी वाटणी झाली नाही. ‘गो’ने सगळेच गिळले. त्याची भूक एवढी होती की आपले जुने भूतकाळी रूप टाकून त्याने ‘वेंड’ या दुसऱ्या प्रवासवाचक क्रियापदाचे ‘वेंट’ हे रूप पळवले आणि ‘वेंड’ला ‘वेंडेड’वर भागवावे लागले. ‘फेअर’ची रूपे तोपर्यंत आतून ढिली झाली होती. ‘फोर’ हे बलवान भूतकाळी रूप आणि ‘फेरान’चे निर्बल (म्हणजे स्वर न बदलता प्रत्यय लावून झालेले) ‘फेर्दे’ यांची मध्ययुगात सरमिसळ झाली, ‘फोर’ गेले आणि शेवटी सरधोपट ‘फेअर्ड’ उरले. त्यात उच्चारही बदलत जाऊन ‘न्याय्य’ आणि ‘जत्रा’वाल्या शब्दांशी जाऊन मिळाला. जे क्रियापद ‘गो’हून वेगळे काही सांगत नाही, ज्याचा भूतकाळ बोलणाऱ्याला नक्की आठवत नाही आणि जे ऐकताना आणखी दोन शब्दांशी घोटाळा होतो, त्याला भाषा फार काळ पोसत नाही. फ्रेंच शब्द नसते आले तरी ते असेच खंगले असते, असे मानायला जागा आहे.

प्रवासाचा अर्थ आजही कामकाजाच्या भाषेत उघडपणे दिसतो तो ‘सीफेअरर’ या शब्दात. एक्झेटर कॅथीड्रलमध्ये जपलेल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात थंडी, गारा आणि समुद्रपक्ष्यांच्या सोबतीने एकट्याने काढलेल्या दिवसांविषयीची एक कविता आहे. हस्तलिखितात ती निनावी आहे. तिला ‘द सीफेअरर’ हे नाव आधुनिक संपादकांनी दिले. व्यापारी जहाजांवर आजही तोच शब्द चालतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २००६ च्या सागरी कामगार करारात जहाजावर कोणत्याही हुद्द्यावर काम करणाऱ्या माणसाला, मग तो कप्तान असो वा भटारी, ‘सीफेअरर’ अशीच कायदेशीर संज्ञा आहे. भारताने तो करार २०१५ मध्ये मान्य केला आणि मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाच्या इंग्रजी कागदपत्रांत कोकण-गोव्याच्या खलाशांची नोंद आज याच शब्दाखाली होते.